खिडकी नंबर चार : पोच घेतली का?

नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मी नागपूरच्या एका कॉलेजात बावीस वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर होते, आमची खिडकी चार नंबरची, म्हणून या सदराचं नाव असं. खिडकी इतकी खाली होती की पोरांना अर्धं वाकून बोलावं लागायचं, मी तीन वेळा अर्ज दिला की बापा ही वर करा, मी रिटायर झाले पण खिडकी अजून तिथंच आहे. असो. ॲडमिशनचे दिवस आहेत, पत्रं ढीगभर आहेत, त्यातली पाच घेते.

प्रश्न : ताई, मी कुही तालुक्यातली, नागपूरला बीएस्सी सेकंड इयरला आहे, एससी. सरकारी होस्टेलला नंबर नाही लागला म्हणून चौघी मिळून नंदनवनला रूम केली. मैत्रीण म्हणते स्वाधार भर, साठ हजार भेटते. पण घरमालक ॲग्रीमेंट करून द्यायला तयारच नाही, म्हणते कायले लागते तुले कागद. आणि मागच्या वर्षीची स्कॉलरशिप पण नाही आली, कॉलेज म्हणते आमच्याकडून गेली, बँक म्हणते आमच्याकडं आलीच नाही. बाबा मजुरीला जातात, त्यांना विचारून काही समजत नाही. काय करू?

मैत्रीण बरोबर सांगून राहिली. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अगदी तुझ्यासारख्या मुलींसाठीच आहे, म्हणजे एससी आणि नवबौद्ध, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, सरकारी होस्टेल मिळालं नाही, आणि जिथं शिकतो त्या शहरातले आपण रहिवासी नाही. नागपूर मोठ्या शहरांच्या गटात येतं, त्यामुळं वर्षाला ६०,००० : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. दहावी-बारावीला ५० टक्के लागतात, दिव्यांग असेल तर ४०, आणि कॉलेजात हजेरी ७५ टक्के पाहिजे. हजेरीवर किती पोरी अडकतात तुला सांगू, घरी धान कापणीला गेल्या, दोन महिने गेले, आणि मग रडत खिडकीवर.

पण साठ हजार ऐकून आताच हिशोब मांडू नको, पैसे हप्त्यानं येतात आणि उशिरा येतात. जेवणाचे बत्तीस हजार दहा महिन्यांवर पसरवले तर महिन्याला ३,२०० होतात, नंदनवनच्या मेसचा रेट तुलाच माहीत. पैसे येईपर्यंतचे तीन-चार महिने कसे काढायचे हे आधी ठरव, नाहीतर पोरी उधारीत जातात आणि उधारीवाला मेसवाला परीक्षेच्या तोंडावर डबा बंद करतो.

आता घरमालक. तो वाईट माणूस आहे असं धरू नको, त्याला भीती असते. कागद झाला की टॅक्स वाढेल, पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागेल, पोरी खोली सोडणार नाहीत, असं काहीतरी कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलेलं असतं. कायदा तुझ्या बाजूनं आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, भाड्याचा करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाचीच आहे. पण हे त्याच्या तोंडावर फेकू नको, ऑगस्टमध्ये दुसरी खोली कुठं शोधशील? बाबांना एक दिवस घेऊन ये, बाबांना योजनेचं काही समजत नसलं तरी चालते, मोठ्या माणसानं समोर बसून चहा पिला की घरमालकाचा आवाज बदलतो हे मी खूपदा पाहिलं. सांगायचं की अकरा महिन्यांचा करार आहे, खर्च आम्ही चौघी करतो, कागद फक्त शिक्षणाच्या योजनेला लागते. आणि चौघींची नावं करारात टाका! एकीच्याच नावानं करतात आणि मग बाकी तिघी हात हलवत.

मागच्या वर्षीच्या पैशाचं मात्र मला वाटते मी इथं बसून सांगू शकते. तू बँकेत जाऊन विचारलं असशील आधार लिंक आहे का, ते म्हणाले असतील आहे. लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं. सरकारचा पैसा खाते नंबर बघून येत नाही, आधार बघून येतो, आणि तुझं आधार एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैशाचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या यादीत ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं तिथं जाऊन पडतो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून एक ऑप्शन आहे, त्यात बँकेचं नाव दिसते, आधी ते बघ.

आमच्याकडं भिवापूरकडचा एक पोरगा रोज यायचा, दोन वर्षं पैसे नाही म्हणायचा, मी पण वैतागले होते खरं सांगायचं तर. शेवटी म्हटलं घरात तुझ्या नावाची जेवढी पासबुकं आहेत तेवढी घेऊन ये. तीन निघाली. तिसरं आठवीत शाळेनं काढून दिलेलं, आईनं लोखंडी पेटीत लग्नाच्या साडीखाली ठेवलं होतं, कव्हरला डांबरगोळीचा वास येऊन राहिला होता. गावच्या बँकेत जाऊन एन्ट्री मारून आणली तर दोन्ही वर्षांचे पैसे तिथं झोपलेले. तो पासबुक उघडून खिडकीच्या दांडीवर ठेवून नुसता बघतच राहिला.

एससीच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, आणि ते वेगवेगळे जमा होतात, म्हणून अर्धवट पैसे आले तर घाबरू नको. त्यात कॉलेजच्या फीचा भाग पण तुझ्याच खात्यात येतो, तो कॉलेजला भरायचा असतो, मोबाइल घेऊन टाकला तर पुढं टीसी अडकते. आणि महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन करून तुझा फॉर्म कुठं अडकला ते स्वतः बघ. कॉलेजच्या लॉगिनला, की समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांच्या, की तुझ्याकडंच परत पाठवलाय? परत आलेला फॉर्म कुणी फोन करून सांगत नाही. नाहीच समजलं तर दीक्षाभूमी रोडवर श्रद्धानंद पेठेत सामाजिक न्याय भवन आहे, तिथं जा, पण तोंडी विचारून परत येऊ नको. साध्या कागदावर अर्ज लिही, दोन प्रती काढ, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. याला पोच म्हणतात. मी बीएला असताना माझा फॉर्म आमच्या कॉलेजच्या बाबूंच्या ड्रॉवरमध्ये मार्चपर्यंत पडून होता, ते म्हणाले तू दिलाच नाही, आणि माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. वर्षाची स्कॉलरशिप गेली, आईनं कानातले मोडले. तेव्हापासून मी दुधाच्या हिशोबाची पण पोच घेते, घरचे हसतात.

प्रश्न : आम्ही ओबीसी, माझं पानाचं दुकान आहे. मुलीला सीईटीतून कॅप राउंडला (सरकारच्या एकत्रित ॲडमिशन फेरीत) नागपूरच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली. पेपरला वाचलं मुलींना फी माफ. कॉलेज म्हणते आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ, नाहीतर ओरिजिनल कागद इथंच राहतील. एवढे पैसे कुठून आणू?

भाऊ, भरू नका. निदान पूर्ण तर नाहीच. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, आधी ते ५० टक्के होतं. कॅपमधून ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली असती तर मिळालं नसतं, तुमची कॅपचीच आहे म्हणजे प्रश्न मिटला.

आता एक गोष्ट जी पेपरवाले मोठ्या अक्षरात छापत नाहीत. माफ म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, बस. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, बस, डिपॉझिट, हे भरावंच लागते. म्हणून काउंटरवर भांडायच्या आधी फीचं हेडवाइज विवरण लेखी मागा. खाजगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजच्या नावानं बघायला मिळते, पोरीला म्हणा मोबाइलवर काढ, आणि तो आकडा आणि कॉलेजचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. मोठ्या आवाजापेक्षा शेजारी ठेवलेल्या दोन कागदांना कॉलेजवाले जास्त घाबरतात.

ओरिजिनल कागदांचं तर सरळ आहे, यूजीसीनं २०१८ मध्येच सांगितलं की तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. नाही दिले तर लिहून मागा की कोणत्या नियमानं ठेवले. कुणी लिहून देत नाही, कागद देतात.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा, सेतूवर नंतर नंबर लागत नाही. आणि मुलगी होस्टेल न मिळता बाहेर रूम करून राहणार असेल तर ओबीसींसाठी पण आता स्वाधारसारखीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण जागा मोजक्या असतात, उशीर करू नका. महाज्योती, म्हणजे ओबीसींसाठीची सरकारी ट्रेनिंग संस्था, तिचं मुख्य ऑफिस पण आपल्या नागपुरातच आहे, पुढं स्पर्धा परीक्षा करायची असेल तर तिथं ट्रेनिंग असते, पण ते आत्ता डोक्यात घेऊ नका, आधी सीट पक्की करा.

प्रश्न : मी एटापल्लीकडचा. घरी माडिया बोलतो, आश्रमशाळेत मराठी शिकलो, आता नागपूरला बीएस्सीत सगळं इंग्लिश. सर काय बोलतात समजत नाही. परवा विचारायला हात वर केला तर मागून एक जण बोलला कोट्यातले आहेत, समजणार कसं. सगळे हसले, सर पण गप. त्यानंतर मी मागच्या बेंचवर बसतो. गावाला परत जावंसं वाटते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक सांगते, तू तिसऱ्या भाषेत केमिस्ट्री शिकून राहिला आहेस आणि तो मागचा बोलणारा त्याच्या दुसऱ्या भाषेत, आणि त्याच्या घरी कदाचित आजोबापासून सगळे शिकलेले. म्हणजे तो जिथून पळायला लागला तिथपर्यंत तू आधी चालत आलास.

मी फर्स्ट इयरला असताना बोर्डावर ट्युटोरियल बुधवारी असं लिहिलेलं असायचं. मला वाटलं ट्युशन आहे, पैसे लागत असतील. महिनाभर गेलेच नाही, बुधवारी मुलींच्या कॉमन रूममध्ये बसून राहायचे. इंटर्नलला मार्क नाही मिळाले तेव्हा समजलं ते फुकट होतं आणि वर्गाचाच भाग होतं. घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नसलं की हे असे शब्द आपल्याला खातात : असाइनमेंट, टर्म वर्क, बॅकलॉग, क्रेडिट. विषय अवघड नसतो इतका, शब्द अवघड असतात. तर एक छोटी वही कर, खिशात मावेल अशी, समजला नाही तो शब्द तिथंच कानाला ऐकू आला तसा देवनागरीत लिही, स्पेलिंग गेलं खड्ड्यात, संध्याकाळी शोध. रोजचे दहा झाले तरी दिवाळीपर्यंत लेक्चर वेगळं ऐकू येईल. सरांना परवानगी मागून लेक्चर मोबाइलवर रेकॉर्ड कर. लायब्ररीत जाऊन त्याच विषयाचं अकरावी-बारावीचं पुस्तक माग, लाजू नको, एमएस्सीचे पोरं पण गुपचूप तेच वाचतात, मी लायब्ररीवाल्या बाईंकडून ऐकलंय.

आणि बेंच बदल. पुढचा नको वाटत असेल तर दुसरा, खिडकीकडचा. मागच्या बेंचवर आवाज कमी येतो, आणि तुला आधीच भाषा कमी येते, दोन्ही कशाला.

त्या वाक्याचं काय करायचं हे तू ठरव, मी तुला शूर हो वगैरे सांगणार नाही. पण तुझ्याकडं काय आहे ते माहीत असू दे. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी घेणारा अधिकारी असायला पाहिजे, ऑफिसात विचार कोण आहेत, नाव नोटीस बोर्डावर नसेल तर तेच मोठं उत्तर आहे. तारीख, वेळ, काय बोलला, कोण होतं, एवढं आजच वहीत लिहून ठेव, तक्रार नाही केली तरी. पुन्हा झालं, धमकी आली, हात लावला, तर अँटी रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, आणि ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे. रात्री झोप येत नसेल, डोक्यात नको ते येत असेल तर १४४१६ लाव, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस पण विचारते : होस्टेल मिळालं का? नसेल तर एसटीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, नागपूरला रक्कम स्वाधारइतकीच. गिरीपेठेत आदिवासी विकास भवन आहे. तिथं बाहेरच्या चहाच्या टपरीवर गडचिरोलीचे, देवरीचे, धारणीचे पोरं बसलेले असतात, फॉर्म राहू दे बाजूला, आधी त्यांच्यात जाऊन बस. महिनाभर माडियात कुणाशी बोललाच नसशील तू.

प्रश्न : जात पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत, कुठून आणू?

एससीला १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१, ओबीसीला १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा किंवा त्या वेळी आपण महाराष्ट्रात राहत होतो हे दाखवावं लागते, एवढं बरोबर. पण पुरावा म्हणजे फक्त शाळा नाही. आपल्या विदर्भात जुन्या गावांची कोतवाल बुकं असतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्यात बापाचं नाव आणि जात लिहिलेली असते, तहसील ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळते. जमिनीचे जुने अधिकार अभिलेख बघा. आजोबा नाही गेले पण आजोबांचा धाकटा भाऊ दुसरीपर्यंत गेला असेल, त्याचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा चालतो, नातं वंशावळीनं दाखवायचं. आणि सगळ्यात आधी घरात फोन फिरवा : वडील, काका, आत्या, सख्खा भाऊ, यातल्या कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का. एका घरात मी पाहिलं, काकाची नऊ वर्षांपूर्वी झालेली, पण शेतीच्या वाट्यावरून बोलणं बंद म्हणून पोरगी सहा महिने रेकॉर्ड रूमची धूळ खात फिरली. आधी काकाकडं जा, भांडण नंतर करा.

प्रश्न : आम्ही धरमपेठेतले पाच रिटायर्ड मित्र. गरीब मुलांना लॅपटॉप द्यायचा विचार आहे, छोटा कार्यक्रम घेऊन. कसं करावं?

चांगला विचार आहे, पण रागावणार नसाल तर बोलते. कार्यक्रम नको. स्टेजवर उभं करून, फोटो काढून, पोरीच्या हातात खोकं द्यायचं आणि तो फोटो तिच्या वर्गातल्यांनी व्हॉट्सॲपवर बघायचा, यानं काय होते ते मी पाहिलंय, एक मुलगी त्यानंतर पंधरा दिवस कॉलेजला आली नाही.

लॅपटॉपपेक्षा मोठी अडचण मधल्या महिन्यांची असते. साधं बीए-बीएस्सी घ्या, एससीच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये वर्षाचा भत्ता होस्टेलवाल्याला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,०००, तो पण वर्षाच्या शेवटी कधीतरी. मधे परीक्षा फॉर्मचे हजार-बाराशे नसतात म्हणून पोरगं लेट फी भरते, नाहीतर वर्ष सोडते. पाच जणांनी मिळून एक लहानसा फंड करा, स्कॉलरशिप आली की परत द्यायची, व्याज नाही, लिहून घ्या पण. बहुतेक परत येतात पैसे, जे नाही येत त्याचा त्रास करून घेऊ नका. आपल्या नागपुरात चोखामेळा होस्टेलनं कित्येक घरांना पहिला ग्रॅज्युएट दिला, तिथं पण सोय साधीच होती, राहायला छप्पर आणि सोबतीला आपल्यासारखे चार जण.

दुसरं, तुमच्यातले दोघं तरी बँकेतले किंवा सरकारी नोकरीतले असतील. दर शनिवारी दोन तास एखाद्या अभ्यासिकेत टेबल लावा आणि फक्त फॉर्म बघा. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि मार्कशीटवर एक आहे का, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, सीडिंग कुठल्या बँकेला आहे, झेरॉक्सवर सही केली का. माझ्या खिडकीवर निम्मे फॉर्म असल्याच चुकांनी परत जायचे, पात्रता नाही म्हणून नाही. घरात इंजिनिअर असलेल्या पोराचा फॉर्म त्याचा बाप बघतो, याचा कुणी बघत नाही, फरक एवढाच असतो.

टेबल लावाल तेव्हा समोरच्या बाजूला पण खुर्ची ठेवा, बसून बोलू दे त्यांना. आणि गोंदाची एक बाटली न्या, फोटो सगळ्यांकडं असतो, चिकटवायला काही नसते.